वीस वर्षांची गटप्रमुख: केनियातल्या शाळांत मुलींच्या मनाचं काम कसं चालतं

केनियाची लोकसंख्या पाच कोटींच्या पुढे आणि मानसोपचारतज्ज्ञ शंभर-दीडशेच्या घरात. तेही बहुतेक नैरोबीत, नाहीतर दोन-चार मोठ्या शहरांत. माध्यमिक शाळेत ‘गायडन्स अँड काउन्सेलिंग’चं काम एखाद्या शिक्षिकेकडे दिलेलं असतं, पण त्याच बाई गणिताचे किंवा भूगोलाचे पूर्ण तास घेतात, वह्या तपासतात, कधी वसतिगृहही सांभाळतात. त्यांना सवड मिळते तेव्हा मुलगी बोलत नाही, कारण याच बाई उद्या घरी निरोप धाडू शकतात हे ती जाणून असते.

ही जागा भरायला गेल्या काही वर्षांत एक वेगळंच माणूस पुढे आलं आहे: नुकतीच शाळा संपवलेली अठरा ते बावीस वर्षांची तरुणी. स्वतःच विद्यार्थिनी, आणि आठ-दहा मुलींच्या गटाची प्रमुख. ‘ही पोर काय समुपदेशन करणार?’ ही शंका रास्त आहे. त्याला उत्तर असं, की ही तरुणी समुपदेशन करतच नाही. तिला दिलेलं काम मोजकं असतं, कुठे थांबायचं हे आधीच ठरलेलं असतं आणि तिच्या मागे दोन पायऱ्यांवर अनुभवी माणसं उभी असतात. या तीन गोष्टी असतील तर हे काम चालतं. त्यातली एक जरी सुटली तरी निव्वळ सदिच्छेवर ते चालत नाही, उलट अंगाशी येतं.

या पद्धतीचं सर्वांत नीट तपासलेलं उदाहरण म्हणजे केनियातली ‘शामिरी’ ही संस्था. केनियाचा टॉम ऑस्बॉर्न हार्वर्ड विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होता तेव्हा, २०१८ साली, त्याने कॅथरीन व्हेंटुरो-कोनर्ली या सहविद्यार्थिनीबरोबर ती सुरू केली. त्याआधी, जेमतेम अठराव्या वर्षी, त्याने धूर कमी करणाऱ्या कोळशाच्या विटांचा ‘ग्रीनचार’ हा उद्योग उभारला होता. म्हणजे गडी मूळचा उद्योजक, आणि ते कामाच्या रचनेत दिसतं: कमी खर्च, थोडी सत्रं, कुणालाही शिकवता येईल अशी संहिता. पहिली छोटी चाचणी नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या शाळेत ५१ विद्यार्थ्यांवर झाली. मग नैरोबी आणि किआम्बू परगण्यांतल्या ४१३ मुलामुलींवर मोठी चाचणी झाली. वयं १३ ते १८, आणि त्यांत सुमारे दोन तृतीयांश मुली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘जामा सायकायट्री’ या नियतकालिकात आले.

गटप्रमुख कुठून मिळतात, तर वेळापत्रकातल्या एका फटीतून. केनियात बारावीसारखी केसीएसई परीक्षा नोव्हेंबरच्या आसपास संपते आणि विद्यापीठाचं वर्ष सुरू व्हायला पुढच्या वर्षाचा ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. एवढे महिने हुशार, बोलके, हाताशी वेळ असलेले हजारो तरुण-तरुणी घरी असतात. त्यांना दहाएक तासांचं प्रशिक्षण आणि थोडं मानधन देऊन शाळांत पाठवायचं, ही कल्पना. वयातलं अंतर दोन-चार वर्षांचंच. त्यामुळे समोरच्या मुलीला ती ताई वाटते. बाई वाटत नाही.

मुलींचाच विषय वेगळा का काढायचा? वयात येईपर्यंत नैराश्याचं प्रमाण मुलगे-मुलींत जवळपास सारखं असतं, पुढे मुलींत ते दुपटीच्या आसपास जातं. त्यात शरीरातले बदल आहेत, पण परिस्थितीही आहे. केनियाच्या २०२२ च्या आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या १५ टक्के मुली एकदा तरी गरोदर राहिलेल्या आढळल्या. शाळेत सॅनिटरी पॅड फुकट द्यायचे असा कायदा २०१७ मध्ये झाला, पण पुरवठा सगळीकडे सारखा पोचत नाही. फी थकली की वर्गातून घरी पाठवतात. घरी गेलं की पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडं. आणि पैशाच्या बदल्यात ‘मैत्री’ करणारा मोठ्या वयाचा पुरुष, ज्याला तिकडे ‘स्पॉन्सर’ म्हणतात, तो या सगळ्या अडचणींवरचा उपाय म्हणून पुढे येतो. अशा मुलीला ‘सकारात्मक विचार कर’ म्हणणं म्हणजे तिची थट्टा आहे.

आता प्रत्यक्ष सत्रं. आठवड्याला एक, प्रत्येकी एक तास, अशी एकूण चार. गट साधारण आठ ते पंधरा जणींचा. सहाच्या खाली गेला की दोघी गैरहजर राहिल्यावर उरलेल्यांना अवघडल्यासारखं होतं, आणि पंधराच्या वर गेला की कोपऱ्यातली मुलगी महिनाभर तोंड उघडत नाही. वेळ मिळतो तो दुपारी चारनंतरच्या खेळाच्या तासाला किंवा शनिवारी, कारण निवासी शाळांत पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यासिका लावलेल्या असतात. खोलीत बाकं बाजूला सारून गोल करायचा, दार लोटायचं पण कडी लावायची नाही, खिडकीबाहेर कुणी रेंगाळत नाही ना ते बघायचं. सामान म्हणजे कागद आणि पेनं. फळा नको. फळा दिसला की मुली वही काढून उतरवून घ्यायला लागतात.

पहिली दोन सत्रं ‘बदलता येतं’ या कल्पनेवर असतात. मेंदू सरावाने बदलतो, स्वभाव आणि कुवत दगडावरची रेघ नाही, हे आधी समजावून सांगतात. मग अडचणीतून वर आलेल्या मोठ्या मुलामुलींच्या गोष्टी वाचतात, त्यांवर बोलतात आणि शेवटी प्रत्येकीने स्वतःची एक अडचण आणि त्यासाठी उचलायचं एक पाऊल लिहायचं. इथेच गटप्रमुखाची कसोटी लागते. समजा, एका मुलीने लिहिलं, ‘मी अजून मेहनत करीन.’ हे पाऊल नव्हे, हा संकल्प झाला. गटप्रमुखाने विचारायचं: कोणत्या विषयात? कोणत्या दिवशी? कुणाची मदत घेऊन? ‘मंगळवारी अभ्यासिकेनंतर मैत्रिणीकडून रसायनशास्त्रातलं मोल प्रकरण समजून घेईन’ इथपर्यंत आलं की पुढे जायचं. आणि मुलीने लिहिलेली अडचण तिच्या हातातलीच नसेल, म्हणजे वडिलांचं पिणं, थकलेली फी, तर तिथे ‘तू बदलू शकतेस’ हे वाक्य लावायचं नाही. ती चूक सर्रास होते आणि तिचा परिणाम वाईट असतो, कारण मुलगी घरच्या गरिबीचाही दोष स्वतःकडे घेते. अशा वेळी प्रश्न बदलायचा: या परिस्थितीत तुझ्या वाट्याचा एवढासा भाग कोणता?

तिसरं सत्र कृतज्ञतेचं: कुणाबद्दल, नेमकं कशासाठी बरं वाटतं हे लिहायचं. ते सोपं आहे, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. एवढंच, की देवाचे आभार मानण्याकडे गट घसरला तर त्याची प्रार्थनासभा होऊन बसते. म्हणून ‘या आठवड्यातलं माणूस सांगा’ असं नेमकं विचारावं. चौथ्या सत्रात प्रत्येकीने आपल्याला मोलाची वाटणारी गोष्ट निवडायची, मग ते कुटुंब असो, शिक्षण, श्रद्धा नाहीतर मैत्री, आणि ती गेल्या आठवड्यातल्या वागण्यात कुठे दिसली ते लिहायचं.

यात आजार, उपचार, नैराश्य हे शब्द कुठेच नाहीत, आणि ते मुद्दाम. ‘डिप्रेशनच्या मुलींचा गट’ अशी पाटी लागली तर दुसऱ्या आठवड्याला खोली रिकामी. ‘ताण आणि अभ्यास’ म्हटलं की सगळ्या येतात.

शामिरीच्या ४१३ जणांच्या त्या चाचणीत तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटालाही तेवढीच चार सत्रं, तशाच तरुण गटप्रमुखांकडून दिली गेली, पण विषय होता अभ्यासाची तंत्रं. हे महत्त्वाचं आहे. दोन्ही गटांतल्या मुलांना बरं वाटू लागलं. शामिरीच्या गटात नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं जास्त उतरली आणि सात महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता, पण फरक लहान ते मध्यम स्वरूपाचा. पुष्कळ महाविद्यालयीन उपक्रमांच्या अहवालात ‘अमुक टक्के मुलींना फायदा झाला’ असं छापलेलं असतं. अशा आकड्याला तुलनेचा गट नसेल तर काडीची किंमत नाही. माणूस अगदी तळाला असताना प्रश्नावली भरून घेतली आणि महिन्याने पुन्हा भरून घेतली, तर काहीही न करता बरेच आकडे सुधारलेले दिसतात.

मुलींसाठी गटात बोलणं खरोखर उपयोगी पडतं का, याचा आणखी एक भक्कम पुरावा युगांडातून येतो. उत्तर युगांडात, गुलूच्या परिसरात, युद्धामुळे विस्थापित झालेल्यांच्या दोन छावण्यांत १४ ते १७ वयाच्या ३१४ मुलामुलींवर एक चाचणी झाली; ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला परस्परसंबंधांवर आधारलेली गटचिकित्सा, दुसऱ्याला सर्जनशील खेळ, तिसऱ्याला तूर्त काहीच नाही. गटचिकित्सेतल्या मुलींचं नैराश्य ठळकपणे कमी झालं. मुलग्यांमधला फरक खात्री देण्याइतका नव्हता. आणि खेळांच्या गटात नैराश्यावर परिणाम दिसला नाही. रंगकाम, नाच, टी-शर्ट वाटून साजरा केलेला ‘मानसिक आरोग्य दिन’ यांनी शाळेचं वातावरण हसतं होईल, त्याला कुणाची ना नाही. पण त्यालाच उपचार समजू नये.

ही गटचिकित्सा जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आठ सत्रांच्या पुस्तिकेत मांडली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: मन खचलं, त्याच्या आसपास आयुष्यात काय घडलं ते शोधा. घडलेल्या गोष्टी चार प्रकारांत बसवतात: जवळच्या कुणाचा मृत्यू, कुणाशी तरी चाललेला वाद, आयुष्यात आलेला मोठा बदल, आणि एकटेपणा. गट सुरू होण्याआधी प्रत्येकीशी स्वतंत्र भेट होते आणि तिची अडचण यांपैकी कशात मोडते ते तिच्याबरोबर बसून ठरवतात. पंधराव्या वर्षी बाळ झालेली, पुन्हा शाळेत आलेली मुलगी ‘बदल’ या प्रकारात येते. तिच्याशी आईचा अबोला असेल तर ‘वाद’ही असतो. दोन्ही एकदम धरू नयेत. मन खचण्याशी ज्याचा संबंध जास्त जुळतो तो आधी. दर आठवड्याला दोनच प्रश्न: मन कसं होतं, आणि त्या वेळी काय चाललं होतं? मग गटातल्या इतर जणी विचारतात, तू आईला नेमकं काय म्हणालीस, ती काय म्हणाली, पुढच्या वेळी सुरुवात कशी करशील? गटातच तो संवाद एकदा बोलून बघतात. शामिरीपेक्षा हे काम कठीण आहे. त्याला जास्त प्रशिक्षण लागतं. आणि मुली नि मुलगे यांचे गट वेगळे ठेवून प्रमुखही मुलींसाठी बाईमाणूसच असावं, ही युगांडातली पद्धत मोडू नये.

आता मोजमाप. नैराश्यासाठी पीएचक्यू ही प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, झोप, भूक, थकवा, एकाग्रता, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज जास्तीत जास्त २७. पाचच्या खाली काळजीचं कारण नाही, पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र, वीसपासून तीव्र. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. पुष्कळ शाळांमधल्या पाहण्यांत तो वगळून आठ प्रश्नांची आवृत्ती वापरतात. कारण सरळ आहे: तो प्रश्न विचारायचा तर उत्तर त्याच दिवशी वाचायला आणि त्याच दिवशी काही करायला माणूस हवं. तीनशे कागद गोळा करून दोन आठवड्यांनी संगणकावर भरणार असाल तर तो प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार नाही. आणखी एक: केसीएसईच्या तोंडावर भरून घेतलेल्या कागदांत झोपेचे आणि थकव्याचे गुण सगळ्यांचेच फुगतात. दोन मोजणींच्या तारखा निवडताना सत्र परीक्षा कधी आहेत ते बघावं.

काम बिघडतं ते बहुधा चार ठिकाणी. पहिलं, गटप्रमुख म्हणून त्याच शाळेतली हेडगर्ल किंवा वसतिगृहाची प्रिफेक्ट नेमली जाते. शाळेला ते सोयीचं वाटतं. पण जी संध्याकाळी उशिरा आलेल्यांची नावं लिहिते, तिच्यासमोर दुपारी कोण मन मोकळं करणार? विद्यार्थी नेतृत्व हवंच, पण शिस्तीचं आणि गटाचं काम एका हातात नको. हेडगर्लने जागा मिळवून द्यावी, मुख्याध्यापिकेशी बोलावं, वेळापत्रक लावावं. गोलात बसू नये.

दुसरं, ‘इथलं इथेच राहील’ असं सरसकट वचन. ते पाळता येत नाही. पहिल्याच सत्रात नेमकं सांगायचं: इथे बोललेलं मी बाहेर सांगणार नाही, तीन गोष्टी सोडून. तुझ्या जिवाला धोका असेल, तू दुसऱ्या कुणाला इजा करणार असशील, किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करत असेल. आणि तेव्हासुद्धा कुणाला सांगणार ते तुला आधी सांगेन. गटातल्या इतर मुलींच्या तोंडाची हमी गटप्रमुख देऊ शकत नाही. तेही प्रामाणिकपणे सांगितलेलं बरं. नावं, गावं न घेता बोलायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

तिसरं, सल्ला. वीस वर्षांच्या मुलीला समोरची रडायला लागली की काहीतरी उपाय सांगावासा वाटतोच. ‘त्याला सोडून दे’, ‘आईला सगळं सांगून टाक’. तिने सांगितलं, घरी मार बसला, तर जबाबदार कोण? प्रशिक्षणाचा मोठा भाग गप्प राहण्याच्या सरावात जायला हवा: रडू द्यावं, थांबावं, तिचेच शब्द तिला परत सांगावेत, आणि ‘आत्तापर्यंत तू काय करून पाहिलंस?’ हा प्रश्न विचारावा.

चौथं आणि सर्वांत गंभीर: मुलगी मरणाबद्दल बोलते किंवा अत्याचाराबद्दल सांगते. इथे गटप्रमुखाचं काम संपतं आणि पर्यवेक्षकाचं सुरू होतं. क्रम ठरलेला हवा आणि पाठ हवा. थेट विचारायचं, ‘मरून जावं असं वाटतं का? काही ठरवलं आहेस का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तिला एकटं सोडायचं नाही. त्याच तासाला पर्यवेक्षकाला फोन. औषधं, कीटकनाशक अशा वस्तू तिच्या हाताशी राहणार नाहीत हे बघायचं. गटासमोर चर्चा नाही, घरी परस्पर फोन नाही, कारण अत्याचार करणारा घरातलाच असू शकतो. केनियात मुलांसाठी ११६ ही फुकट हेल्पलाइन आहे. तिथल्या दंडसंहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. उच्च न्यायालयाने ते कलम जानेवारी २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. पण पोलिसांची भीती शाळांच्या अंगवळणी पडली आहे आणि प्रकरण दाबण्याकडे कल असतो. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी मदत द्यायची असं मानलं आहे, तरी भीती इथेही गेलेली नाही. आपल्याकडच्या ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६.

या सगळ्यामागे पर्यवेक्षण नसेल तर गटप्रमुख महिन्याभरात मोडून पडते. ऐकलेलं तिच्या झोपेत येतं. तीही कालपरवापर्यंत तशाच शाळेत होती. म्हणून आठवड्याला एक बैठक सक्तीची, आठ-दहा गटप्रमुखांमागे एक पर्यवेक्षक, आणि त्याच्याही वर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ. बैठकीत कुणाचा गट छान चालला हे ऐकण्यात वेळ घालवू नये. कुठे अडलं, कोण दोनदा गैरहजर, कुणाचा कागद वाचून पोटात गोळा आला, एवढंच. तज्ज्ञाकडे पाठवायची सोय आधी जुळवून मगच पहिलं सत्र घ्यावं. ज्या डॉक्टरकडे पाठवणार त्याचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, बसभाडं कोण देणार, सोबत कोण जाणार. बसभाडं हा किरकोळ तपशील नाही. झिम्बाब्वेच्या डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण केवळ भाड्याचे पैसे नाहीत म्हणून दवाखान्यात येऊ शकली नाही आणि तिने जीव दिला. त्यानंतरच्या काळात, २००६ मध्ये, त्यांनी हरारेच्या म्बारे भागात १४ आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. पुढे ‘फ्रेंडशिप बेंच’ म्हणून नावारूपाला आलेलं काम ते हेच. २४ दवाखान्यांतल्या ५७३ जणांवर त्याची चाचणी झाली आणि २०१६ मध्ये ती ‘जामा’त छापून आली.

मराठी वाचकाला जवळचा धागा इथेच सापडतो. त्या बाकांवर वापरली जाणारी चौदा प्रश्नांची शोना भाषेतली प्रश्नावली नव्वदच्या दशकात हरारेत तयार झाली. ती करणाऱ्यांत डॉ. विक्रम पटेल होते. तिथून येऊन त्यांनी १९९६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर गोव्यात ‘संगाथ’ सुरू केली आणि डॉक्टर नसलेल्या, थोडक्या प्रशिक्षणाच्या समुपदेशकांकडून गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर काम होऊ शकतं हे ‘मानस’ चाचणीतून २०१० मध्ये दाखवलं. नाशिकच्या पेठ तालुक्यात गावातल्याच माणसांना घेऊन सुरू झालेलं ‘आत्मीयता’चं काम याच वाटेवरचं. म्हणजे हरारे, गोवा, नैरोबी असा विचार फिरत राहिला आहे, आणि आफ्रिकेतली मुलगी ही फक्त मदत घेणारी आहे असं समजण्याचं कारण नाही.

राहिली सुट्टी. केनियातल्या शाळांना एप्रिल, ऑगस्ट आणि वर्षाअखेर सुट्टी लागते, गट थांबतात आणि कित्येक मुली नेमक्या त्याच घरी परततात जिथून त्रास सुरू होतो. म्हणून चौथं सत्र सुट्टीच्या आदल्या आठवड्यात कधीच ठेवू नये; निदान पंधरा दिवस आधी संपवावं, म्हणजे पर्यवेक्षकाला काळजी वाटणाऱ्या मुलींना एकेकटं भेटता येतं. त्या भेटीत तीन गोष्टी ठरवाव्यात: घराजवळ भरवशाचं मोठं माणूस कोण, तिथवर चालत जाता येतं का, आणि फोन कुणाचा वापरणार. फोन बहुधा आईचा किंवा काकांचा असतो. त्यामुळे क्रमांक वहीत लिहून देण्यापेक्षा तिच्याकडून पाठ करून घ्यावा, आणि फोन झाल्यावर तो यादीतून कसा पुसायचा हेही दाखवावं.